तोरणमाळ : एका गावाचे अनेक पत्ते

शहाद्याहून सातपुड्याकडे तोंड केले की पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर तोरणमाळ लागते. सपाटीवरची ऊस-केळीची शेते मागे पडतात, घाटाची वळणे सुरू होतात आणि अंगाला गार वारा लागू लागतो. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांहून उंच अशा या पठारावर विस्तीर्ण यशवंत तलाव आहे. जवळच सीताखाईची खोल दरी आणि गोरक्षनाथाचे मंदिर. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. भिल्ल आणि पावरा बांधवांची वस्ती डोंगरउतारांवर विखुरलेली दिसते.

हे सारे डोळे भरून पाहा. मग मनाला एक प्रश्न विचारा : या गावाची जुनी माहिती हवी असेल, तर शोधायची कुठे?

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीचे कागद धुळे जिल्ह्याच्या नावे आहेत. त्याच्याही मागे हा भाग पश्चिम खानदेशात होता आणि १९०६ पूर्वी खानदेश हा एकच जिल्हा होता. १८८० साली छापलेल्या खानदेशच्या इंग्रजी गॅझेटिअरात हे गाव 'तुरणमाळ' अशा नावाने शोधावे लागते. तालुक्याचे नाव कागदावर अक्राणी, पण लोकांच्या तोंडी धडगाव. गाव जागचे हलले नाही, पत्ता मात्र बदलत गेला.

ग्रंथपालाचे खरे काम इथे सुरू होते. कपाटाकडे बोट दाखवणे सोपे आहे, पुस्तक काढून हातात देणेही सोपे आहे. पण त्याने वाचक दुसऱ्या वेळी पुन्हा अडतोच. डॉ. रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. त्यातले चौथे, वाचकाचा वेळ वाचवा. गणिताचा चांगला मास्तर नुसते उत्तर सांगत नाही, रीत शिकवतो. ग्रंथपालानेही तेच करावे. आधी विचारावे : माहिती कशासाठी हवी? कोणत्या सालची? त्या साली गावाचे, तालुक्याचे, जिल्ह्याचे नाव काय होते? मग शोध वाचकाच्याच हातून करून घ्यावा.

हा नुसता अभ्यासाचा खेळ नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आदिवासी कुटुंबाला आपली वहिवाट १३ डिसेंबर २००५ पूर्वीची असल्याचे दाखवावे लागते. दावा ग्रामसभेकडे करायचा आणि सोबत एकाहून अधिक पुरावे जोडायचे. नियमांतल्या पुराव्यांच्या यादीत गॅझेटिअर, जनगणना यांसारख्या सरकारी नोंदी आहेत, तसाच दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही आहे. म्हणजे एक पुरावा कपाटात, तर दुसरा ओट्यावर बसलेल्या आजोबांपाशी. दोन्हीकडे जायला शिकवतो तो ग्रंथपाल गावाच्या उपयोगाचा.

तुमच्याही गावाचा तालुका किंवा जिल्हा कधी बदलला असेल. तेव्हा जुना फेरफार किंवा सातबारा शोधायला निघण्याआधी गावाची जुनी नावे सालवार एका कागदावर लिहून काढा. मग ग्रंथालयात जा आणि शाळेत जाणाऱ्या मुलीला बरोबर न्या. शोध तिलाच घेऊ द्या.