सायकल खांद्यावर, घमेलं डोक्यावर

“काय रे, पंक्चर झाली का?”

गेल्या वर्षी हॉस्टेलच्या मागच्या मैदानावर हा प्रश्न मला निदान पन्नास जणांनी विचारला असेल. वॉचमनकाकांनी, मेसच्या मावशींनी, रेक्टर सरांनी, एकदा तर वर्कशॉपच्या सरांनीसुद्धा. सायकल खांद्यावर टाकून पळणारा मुलगा दिसला की माणसाला दोनच शक्यता सुचतात. एक तर सायकल बिघडली, नाहीतर मुलगा! तर मित्रांनो, सायकल ठीक होती आणि मीही बऱ्यापैकी ठीक होतो. या प्रकाराला सायक्लोक्रॉस म्हणतात.

बेल्जियम, नेदरलँड्स, फ्रान्स अशा देशांत हिवाळ्यात हा खेळ चालतो. रस्त्यावरच्या शर्यतींचा हंगाम संपला की ही मंडळी चिखलात उतरतात. अडीच-तीन किलोमीटरची एक फेरी, तिच्यात गवत, वाळू, चिखल, चढ आणि मधे मुद्दाम उभ्या केलेल्या चाळीस सेंटिमीटर उंचीच्या फळ्या. मोठ्यांची शर्यत साधारण तासभर चालते. जिथे सायकल चालत नाही तिथे उतरायचं, ती खांद्यावर घ्यायची, पळायचं आणि पलीकडे गेल्यावर उडी मारून पुन्हा बसायचं. याची जागतिक स्पर्धा १९५० पासून होते. बेल्जियमचा एरिक द व्लामिंक ती सात वेळा जिंकला होता. २०२५ मध्ये नेदरलँड्सच्या मॅथ्यू व्हान डर पूलने त्याची बरोबरी केली.

फर्स्ट इयरला रूमपार्टनरच्या मोबाईलवर त्याचा व्हिडिओ पाहिला. रूममधले सगळे पोट धरून हसले. मला मात्र हसू आलं नाही. मी म्हटलं, “अरे, आम्ही असेच शाळेत जात होतो!”

माझं गाव मुलचेरा तालुक्यात, गडचिरोली जिल्ह्यात. पावसाळ्यात शाळेच्या वाटेवरचा नाला भरला की पाणी उतरेपर्यंत काठावर बसायचं, मग चपला हातात आणि सायकल खांद्यावर. पांदणीत चाकाला चिखल इतका चिकटायचा की सायकलच आपल्यावर बसायची. तीही सायकल माझी नव्हती, ताईची होती. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना मिळते ती. लेडीज सायकलला मधला आडवा दांडा नसतो, त्यामुळे ती खांद्यावर नीट बसत नाही, कॅरिअर मानेत रुततो. हे तांत्रिक ज्ञान मला सातवीतच झालं होतं. युरोपातल्या लोकांना या प्रकारासाठी बक्षीस देतात, हे मात्र चंद्रपूरला येऊन कळलं.

मग काय, आम्ही चौघांनी मैदानावर फेरी आखली. वर्कशॉपमधल्या मोडक्या बाकांच्या फळ्या, हॉस्टेलच्या मागच्या पायऱ्या आणि पाण्याची टाकी ओसंडून तयार झालेला एक नैसर्गिक खड्डा. (खड्डा नैसर्गिक होता. टाकी ओसंडण्यात आमचा थोडा हात होता. रेक्टर सर, आता माफ करा.) गॅदरिंगच्या क्रीडा सप्ताहात ही शर्यत ठेवायची परवानगीही मिळाली. मी शिकवणीच्या पैशातून साडेचार हजारांची सेकंडहँड सायकल घेतली. दांडा असलेली!

त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. “घरकुल आलं गा, बाबू.”

आमचं जुनं घर कुडाच्या भिंतींचं आणि कवेलूंचं. माकडं उड्या मारून कवेलू फोडतात आणि दर मे महिन्यात बाबा छपरावर चढून ते फिरवतात. यादीत नाव येण्याची वाट आम्ही कित्येक वर्षं पाहत होतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमधून आमच्यासारख्या जिल्ह्यात एक लाख तीस हजार रुपये मिळतात. घर किमान पंचवीस चौरस मीटरचं हवं. पैसे एकदम येत नाहीत. काम एका टप्प्याला आलं की जागेच्या नोंदीसह फोटो चढवायचा, मग पुढचा हप्ता. बाबांनी धानाचे पैसे घालून एका खोलीवर स्लॅब आणि दुसरीवर टिना टाकायचं ठरवलं. आणि फोनवर शेवटी म्हणाले, “तू तर इंजिनिअरच आहेस. पाहून घेशील ना?”

मी थर्ड इयर सिव्हिलचा. छाती फुगली. फोन ठेवल्यावर मात्र समोर सायकल दिसली आणि मनात हिशोब आला: साडेचार हजारांत सिमेंटची बारा पोती आली असती. हा हिशोब मी बाबांना सांगितला नाही.

तेव्हापासून माझा शनिवार-रविवार दोघांनी वाटून घेतला. शुक्रवारी रात्रीपर्यंत प्रॅक्टिस, शनिवारी पहाटेची एसटी, गोंडपिपरी, वैनगंगेचा पूल, आष्टी, तिथून मुलचेऱ्याची गाडी. रविवारी परत. आमच्या तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली लोकांची बरीच गावं आहेत. आमचे मिस्त्री त्यांच्यातलेच. ओळंबा लावून डोळा बारीक करत आणि मला म्हणत, “इंजिनिअर बाबू, रेती चाळा.” चार सेमिस्टर शिकून मला मिळालेलं पहिलं पद म्हणजे चाळणी!

डिसेंबरात जोत्याचा पट्टा, म्हणजे प्लिंथ बीम, भरला. शनिवारी संध्याकाळी काम संपलं. घरी धान चुरणं चालू होतं, आई-बाबा दिवसभर खळ्यावर. पाण्याचं काम माझ्याकडे होतं आणि त्यासाठी मी मंगळवारपर्यंत थांबणार होतो. पण रविवारी संध्याकाळी मैदानावर पहिल्यांदा वेळ लावून फेऱ्या मारायचं ठरलं होतं. मित्रांचे फोनवर फोन. मी पहाटे उठलो, आईला म्हणालो, “दोन-तीनदा पाणी मार, बस,” आणि आलो निघून. त्या दिवशी मी सगळ्यांत जलद फेरी मारली. फार आनंद झाला होता, खोटं का सांगू!

पुढच्या शनिवारी गेलो तर पट्ट्यावर बारीक भेगा. मिस्त्रींनी नखाने एक भेग चाचपून पाहिली. म्हणाले, “केसाएवढी आहे. घर पडत नाही याने. पण पाणी कमी पडलं.”

बाबा काहीच बोलले नाहीत. आई हळूच म्हणाली, “मी मारलं होतं रे पाणी, रातच्याले एकदा. बोरिंग दूर पडते ना.”

तिला वाटत होतं की चूक तिचीच आहे. मित्रांनो, नुकत्याच झालेल्या परीक्षेत क्युरिंगवर प्रश्न आला होता. आय.एस. ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस ओल हवी, ताज्या काँक्रीटचा पृष्ठभाग लवकर वाळला तर तडे जातात, हे सगळं मी अधोरेखित करून लिहिलं होतं. पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. आमच्या पोत्यावर मिश्र सिमेंट, म्हणजे पी.पी.सी., असंच छापलेलं होतं. ज्या माणसाला हे ठाऊक होतं तो चंद्रपूरला फळ्यांवरून उड्या मारत होता. ज्या बाईला ते कुणी सांगितलं नव्हतं, ती दिवसभर धान चुरून रात्री अंधारात बादल्या वाहत होती.

मी आईला सांगितलं की चूक माझी आहे. ती म्हणाली, “राहू दे, जेव.” एवढंच.

हॉस्टेलवर परतल्यावर सायकल विकून टाकायचा विचार आला. रूमपार्टनर म्हणाला, “विकून काय होणार? तुझी सायकल दोषी नाही, तुझं टाइमटेबल दोषी आहे.” तो मेकॅनिकलचा आहे, पण कधी कधी बरोबर बोलतो. मग मी चक्क बार चार्ट काढला. वरच्या ओळीत घर, खालच्या ओळीत प्रॅक्टिस. तो काढताना लक्षात आलं की मी दोघांना सारखं वाटून द्यायला बघत होतो आणि तिथेच फसत होतो. प्रॅक्टिसचा एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी करता येते. काँक्रीटचा पहिला दिवस दुसऱ्या दिवशी येत नाही. तेव्हा काँक्रीटच्या तारखा आधी पक्क्या केल्या, त्यांच्या पुढच्या दिवसांवर फुली मारली आणि उरलेल्या जागेत सायकल बसवली.

मग सायकल घेऊनच गावी जाऊ लागलो, एसटीच्या टपावर टाकून. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकांची रीघ असते, म्हणून डांबरी रस्ता सोडला. कापणी झालेल्या बांधीतून धुऱ्यावर चढायचं, खाली उतरायचं, नाल्याच्या कोरड्या रेतीतून सायकल उचलून पळायचं. बाबांची अट एकच होती: सूर्य उगवल्याशिवाय जंगलाच्या बाजूला जायचं नाही. वाघाच्या बाबतीत आमच्याकडे कुणी वाद घालत नाही. सात वाजता परत यायचं आणि घमेलं उचलायचं. धानाच्या धसकटांनी तीन पंक्चर झाल्या आणि शेजारच्या आजीने आईला विचारलं, “पोट्टा बरा आहे ना वं?” म्हणजे गावातही तोच प्रश्न!

हे सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. एका आठवड्यात कंबर धरली आणि दोन सबमिशन लेट झाली. त्या काळात नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांच्याविषयी वाचत होतो. २०१७ मध्ये त्यांनी अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. पेशाने डॉक्टर, आपल्याच विदर्भातले. ते वाचून दर वेळी जोर यायचा आणि पायऱ्या चढताना उतरायचा.

फेब्रुवारीत व्हायचं तेच झालं. शर्यत रविवारी दुपारी चारला आणि स्लॅब शनिवारी. मिक्सर दुसऱ्या दिवशी मिळत नव्हता. मी मित्रांना सांगून टाकलं की मी येणार नाही. या वेळी वाईट वाटलं, पण वाद नव्हता, चार्टवर फुली आधीच मारलेली होती.

सकाळी सातला काम सुरू झालं. अर्धं गाव रांगेत उभं होतं आणि घमेली हातोहात वर जात होती. दोनपर्यंत स्लॅब भरला. संध्याकाळी त्यावर ओली पोती अंथरली आणि रात्री दोनदा उठून मी ती भिजवली. पहाटे शिडीवरून वर पाहतो तर बाबा आधीच हजर! बांधीतली चिकण माती आणून स्लॅबवर बोटभर उंचीचे धुरे घालत होते. चौकोनामागून चौकोन, अगदी धानाच्या बांधीसारखे. पुस्तकात याला पाँडिंग म्हणतात. मी समजावून सांगायला लागलो की पाणी एका जागी साठून राहिलं पाहिजे, तसे बाबा मान वर न करता म्हणाले, “पाणी बांधून ठेवाचं तू शिकवशील का मले? चाळीस वर्षं झाली धान लावतो. जा, तुह्या शर्यतीले जा.”

“पण पाणी?”

“भेगा पडल्या तं माह्या नावावर. आठची गाडी धर.”

आठची गाडी धरली. शर्यतीला चौदा जण होते. दुसऱ्या फेरीपासूनच हात हँडलवर टिकेनात, सिमेंटने बोटं फाटली होती. चौथ्या फेरीत चेन उतरली आणि अशी अडकली की अर्धी फेरी मी सायकल खांद्यावर घेऊन पळालो. कठड्यावरून वॉचमनकाका ओरडले, “आता तरी पंक्चर झाली का?” फर्स्ट इयरचा एक मुलगा जिंकला. तो फळ्यांपाशी उतरलाच नाही, सायकलसकट उडी मारून गेला. मी नववा आलो.

रात्री घरी फोन लावला. बाबांनी विचारलं, “कितवा?”

“नववा. पाणी आहे ना?”

“भरलं आहे. पाखरं येऊन पेत आहेत.”

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला तेव्हा मी घरी होतो. सवयीने आईने भांडी गळक्या जागांखाली ठेवायला हातात घेतली आणि मग तशीच परत ठेवली. स्लॅब कुठेही गळला नाही. जोत्याच्या पट्ट्यावरची भेग आता प्लास्टरखाली गेली आहे, पाहुण्यांना दिसत नाही. ती दाराच्या डाव्या कोपऱ्यापासून दोन हातांवर आहे. घरात शिरताना माझी नजर अजून तिथेच जाते.

यंदाही शर्यत आहे. प्रॅक्टिस रविवारी सकाळी साडेपाचला, मागच्या मैदानावर. कोणतीही सायकल चालेल, ताईची असली तरी. फक्त एकच अट आहे. आदल्या दिवशी घरी काँक्रीट भरलं असेल, तर त्या रविवारी कृपया येऊ नये.