डब्याचं झाकण लावून ठेवलंय

गडहिंग्लज

चि. नातीस,


चित्रपट जतनाच्या कार्यशाळेला तुझी निवड झाल्याचा फोन आला आणि मी देवापुढं साखर ठेवली. तुझी आजी असती तर तिनं पेढेच आणायला लावले असते. रात्री झोप मात्र लागली नाही. बाहेर पाऊस कोसळत होता, हिरण्यकेशीला पाणी चढलं होतं आणि तू बोलता बोलता सांगितलेलं डोक्यातून जात नव्हतं: "आजोबा, रीळ समोर आलं की आधी बघायचं, वास घ्यायचा, लिहून काढायचं. हात सगळ्यात शेवटी लावायचा."

बाळ, माझं सगळं आयुष्य याच्या उलट गेलं.

टॉकीजमध्ये आणि जत्रांच्या तंबूत मी ऑपरेटर होतो, हे तुला माहीत आहे. पण त्या केबिनमध्ये मी काय करत होतो ते तुला कधी नीट सांगितलं नाही. एस.टी.च्या टपावरून फिल्मची पेटी यायची, तोवर खेळाची वेळ होत आलेली असायची. दहा गावं फिरून आलेली प्रिंट. कडेची भोकं फाटलेली, जुने जोड सुटलेले. काळभैरवाच्या यात्रेत तंबू भरला की पट्टी तुटायचीच. अंधार झाला रे झाला की शिट्ट्या, आरडाओरडा. मग काय, फाटका तुकडा कात्रीनं उडवायचा, ब्लेडनं पट्टीवरचा थर खरवडायचा, चिकटवायचं सोल्यूशन लावायचं, एकावर एक टोकं दाबून धरायची. मिनिटभरात पडदा पुन्हा उजळायचा. खेळ थांबता कामा नये, एवढाच आमचा धर्म. लोक त्याला हुशारी म्हणायचे आणि मलाही त्याचा अभिमान होता.

पण पस्तीस एमएमच्या एका फुटात सोळा चित्रं असतात आणि एका सेकंदात चोवीस सरकतात. प्रत्येक जोडापायी एखाद-दोन चित्रं कायमची जात होती. 'सांगत्ये ऐका', 'साधी माणसं' अशा चित्रपटांच्या प्रिंटा वर्षानुवर्षं गावोगाव फिरल्या. त्यात लोकांना जे सगळ्यात आवडायचं तेच सगळ्यात जास्त झिजायचं. गाण्याला 'वन्स मोअर' आला की मी रीळ मागं घेत होतो. त्या ओढाताणीत गाण्याचीच पट्टी फाटायची, शब्द गिळले जायचे. म्हणजे लोकांच्या प्रेमानं आणि माझ्या कात्रीनं मिळून ती गाणी थोडी थोडी खाल्ली. आज तुझ्यापाशी हे कबूल केल्यावर जरा हलकं वाटतं.

तुला शिकवतील तो जोड वेगळा आहे. पारदर्शक चिकटपट्टी, टोकाला टोक भिडवून, एकही चित्र न कापता. उद्या कुणाला चूक दिसली तर तो जोड सोडवता येतो. मला वाटतं, तुमच्या विद्येचं सार यातच आहे. आपण केलेलं काम पुढच्या माणसाला उलटवता आलं पाहिजे. ऑपरेटरला आजच्या प्रेक्षकाची घाई असते. तुला न जन्मलेल्या प्रेक्षकासाठी थांबता आलं पाहिजे.

आपल्या जिल्ह्यानं तर हे कधीच शिकायला हवं होतं. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा तयार केला, 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. 1925 मध्ये त्यांनी 'सावकारी पाश' काढला, त्यात तरुण व्ही. शांताराम शेतकऱ्याच्या भूमिकेत होते. तो मूकपट आज आपल्याला बघता येत नाही. 1929 मध्ये कोल्हापुरातच 'प्रभात' फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची चार रिळं होती. त्यातलं पहिलं आणि शेवटचंच उरलं, असं सांगतात. 'आलम आरा' तर संपूर्ण गेला. चांदी काढण्यासाठी कृष्णधवल रिळं वितळवली गेली. जुनी नायट्रेटची फिल्म एकदा पेटली की पाण्याखालीही जळते, कारण आगीला लागणारा प्राणवायू तिच्यातूनच सुटतो. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ठेवलेली अशी कितीतरी रिळं आगीत गेली.

जे राहिलं त्यातलं पुष्कळ पी. के. नायर यांच्यामुळं. 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि या माणसानं देशभर फिरून, लोकांच्या घरातून, गोदामातून डबे गोळा केले. पण एका माणसाच्या वेडावर किती दिवस भागणार? शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी नायरांवर 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट केला, 2014 मध्ये मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन स्थापन केलं आणि पुढच्याच वर्षी परदेशातले तज्ज्ञ बोलावून पहिली कार्यशाळा भरवली. 2016 ची पुण्यात झाली. गोळा करणारा एक होता. सांभाळणारे शेकड्यांनी लागतात, आणि ते शिकवूनच तयार होतात.

तिथं जे जे दाखवतील ते हातात मुरेपर्यंत कर. फिल्म कडेनंच धरायची. रीळ सावकाश, एकसारखं गुंडाळायचं. टेबलावरच्या चरकीला आमच्यासारखे झटके देऊ नकोस. पट्टी किती आकसली ते मोजल्याशिवाय मशीनवर चढवायची नाही. डबे आडवे ठेवायचे. अ‍ॅसिटेटची फिल्म दमट उष्म्यानं कुजते, तिला शिरक्यासारखा आंबट वास येतो. त्या आम्लानंच ती आणखी वेगानं कुजते आणि बंद जागेत शेजारच्या रिळालाही खराब करते. निळ्या कागदाची पट्टी डब्यात ठेवली की ती हिरवी, मग पिवळी होत जाते आणि रोग किती मुरलाय ते सांगते. आमच्या वेळी असा वास आला की आम्ही केबिनची खिडकी उघडायचो, बस्स.

एकाच चित्रपटाच्या दोन-तीन प्रिंटा मिळाल्या तर एकीतलं गेलेलं दुसरीतून भरून काढता येतं, असं तू सांगितलंस. म्हणून एक मागणं आहे. स्कॅन झाल्यावर मूळ रीळ टाकू देऊ नकोस. संगणकातली प्रत दर काही वर्षांनी नव्या साधनावर चढवावी लागते, आणि एक पिढी विसरली की ती गेली. शिकून झाल्यावर मुंबई-पुण्यात राहा, पण वर्षातून एकदा इकडं ये. आपल्याकडच्या बंद टॉकीजच्या माळ्यावर, जुन्या वितरकांच्या गोदामात अजून डबे निघू शकतात. ते पहिल्यांदा हातात घेणारा माणूस तज्ज्ञ नसतो; वॉचमन, रद्दीवाला किंवा वारस असतो. त्याला "उघडू नका, गुंडाळू नका, उन्हात टाकू नका, आधी फोन करा" एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. इथल्या कॉलेजच्या पोरांना ते तूच शिकव.

आता शेवटचं. कापलेले तुकडे मी सगळेच फेकले नव्हते. तुझे वडील लहानपणी बुटाच्या खोक्याला पाणी भरलेला बल्ब लावून, आरशानं ऊन आत घेऊन भिंतीवर सिनेमा दाखवायचे, तो माझ्याच तुकड्यांवर. त्यातले उरलेले एका बिस्किटाच्या डब्यात माळ्यावर होते. तुझा फोन झाल्यावर मी डबा खाली काढला. झाकण किलकिलं केलं आणि तोच आंबट वास आला.

एरवी मी ते तुकडे लगेच ओढून सरळ केले असते, फडक्यानं पुसले असते, सोल्यूशन शोधलं असतं. हात शिवशिवले, खोटं कशाला सांगू. पण मी झाकण परत लावलं, वर तारीख लिहिली, खाली "आंबट वास आहे" असं लिहिलं आणि डबा बाकी सामानापासून लांब, कोरड्या कपाटात ठेवला. दिवाळीला येशील तेव्हा तू उघड.

मी हात लावलेला नाही.

तुझा,
आजोबा