मी शेवटचा पगार का मागितला

काम सोडताना शेवटचा पगार मागू नये, असं माझं वर्षानुवर्षांचं मत होतं. मालकानं दिला तर घ्यावा, नाही दिला तर नमस्कार करून निघावं. हे मत मी मनापासून धरलं होतं. बुऱ्हाणपूर काही इंदूर-मुंबई नाही. ज्याच्या पेढीवर आपण काम केलं, तोच उद्या मुलीच्या सोयरिकीत मध्यस्थ निघतो, दवाखान्यात शेजारच्या खाटेजवळ बसलेला भेटतो, राजघाटावर कुणाच्या तरी दहाव्याला समोर उभा असतो. अशा गावात पैशासाठी तोंड वाकडं करून घेऊ नये, एवढं शहाणपण आम्हाला घरातूनच मिळालेलं. आता माझं मत नेमकं उलट झालं आहे. ते कसं झालं, ते लिहून ठेवते.

मी पॉवरलूमच्या एका पेढीत हिशेब लिहायचे. सूत किती आलं, बीम किती भरले, कोणत्या मागावरून किती मीटर कापड उतरलं, कुणाला या आठवड्याला किती द्यायचे, हे सगळं माझ्याकडे. आमच्याकडे मजुरी मीटरवर. नवा कारागीर लागला की त्याच्या पहिल्या आठवड्याची मजुरी पेढी ठेवून घ्यायची, सोडताना देऊ म्हणून. अडीनडीला तो पेशगी उचलायचा, ती आठवड्याला थोडी थोडी कापली जायची. माणूस सोडून गेला की ठेवलेला आठवडा आणि उरलेली पेशगी यांची वजाबाकी व्हायची, आणि ती बहुधा त्याच्या बाजूनं निघायची नाही. त्यातले काही जण पुन्हा पुन्हा येत, दाराशी उभे राहत. मला ते आवडायचं नाही. चार दिवस थांबायला काय झालं, असं मनात यायचं.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि मला काम सोडावं लागलं. शेठजी चांगलं बोलले. हिशेब होळीनंतर करू, म्हणाले. दीड महिन्याचा पगार, उरलेल्या रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी, एवढं येणं होतं. आकडा मला पाठ होता; तो काढणारी मीच होते. होळी गेली, निरोप आला नाही, आणि मी मनाशी ठरवलं की आपण मागायचं नाही. खरं सांगायचं तर त्या निर्णयानं मला बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांचा संबंध आपण पैशापेक्षा मोठा ठेवला, याचं समाधान होतं.

मग पेढीवर कांड्या भरणारी एक बाई घरी आली. तिनंही काम सोडलं होतं आणि तिचा ठेवलेला आठवडा अडकला होता. ती तक्रार करायला आली नव्हती. तिला फक्त एक विचारायचं होतं. शेठजी तिला म्हणाले होते, "दीदी इतने साल हिसाब लिखती थीं, उन्होंने भी नहीं माँगा. तुझे इतनी क्या जल्दी है?" ती मला म्हणाली, "ताई, तुम्ही खरंच सोडून दिले का पैसे?"

तिला मी चहा दिला, सासूबाईंचं सांगितलं, इकडचं तिकडचं बोलले. तिच्या प्रश्नाचं उत्तर काही दिलं नाही. पैसे माझे, सोडायचे की घ्यायचे हे मी ठरवणार, असं मी तोवर मानत होते. माझ्या घराला ते सोडणं परवडणारं होतं, नवऱ्याचा पगार चालू होता. पण मी जे सोडलं त्याचं तिथे, त्या गादीवर, माप झालं होतं, आणि त्या मापानं जिला परवडत नाही तिचे पैसे मोजले जात होते. माझा मोठेपणा तिच्या खिशातून जात होता. ही गोष्ट मला कुणी समजावून सांगितली नाही. ती समोर बसली होती, तेवढं पुरेसं होतं.

त्यानंतर मी पेढीच्या वहीबद्दल नव्यानं विचार करू लागले. वही आता माझ्यापाशी नव्हती, पण पानं डोळ्यांपुढे होती. सूत उधारीवर यायचं. ठरलेले दिवस उलटले की व्यापारी व्याज लावायचा, आणि मी ते निमूट लिहायचे. बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज महिन्याच्या महिन्याला पडायचं. विजेचं बिल चुकलं की अधिभार, आणखी चुकलं तर लाइन कापायला माणूस हजर. कारागिराचा ठेवलेला आठवडा मात्र देण्याच्या पानावर कधी आलाच नाही. त्याला तारीख नव्हती, व्याज नव्हतं. खरं पाहिलं तर त्यानं आधी काम दिलं आणि पैसे नंतर घेणार होता, म्हणजे उधारी त्यानंच दिलेली. पेढीला उसनं देणाऱ्यांत सगळ्यात गरीब तो आणि बिनव्याजी देणाराही तोच.

शेठजींच्या अडचणी खोट्या नव्हत्या, हेही लिहिलं पाहिजे. कच्च्या कापडाचे पैसे व्यापाऱ्यांकडे महिनोन्‌महिने अडकतात, सुताचा भाव एका आठवड्यात उलटापालटा होतो, लहान पेढीला दोन्हीकडून चेपतात. मी ते रोज पाहत होते आणि म्हणूनच मला मागणं नको वाटत होतं. पण त्याच ओढाताणीत पैसे कुणाला आधी जायचे? बँकेला, कारण ती नोटीस पाठवते. सूतवाल्याला, कारण तो पुढचं सूत थांबवतो. कामावर असलेल्या कारागिरालाही मिळायचे, कारण तो माग बंद ठेवू शकतो. काम सोडून गेलेल्या माणसाच्या हातात थांबवण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. त्याच्यापाशी मागणं एवढीच गोष्ट असते, आणि ती न करणं म्हणजे सभ्यपणा, असं मी इतरांनाही सांगत आले होते.

मग मी वाचायला घेतलं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत 1884 साली गिरणी कामगारांची सभा भरवली आणि मागण्यांचं निवेदन तयार केलं. रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना माहीत आहे. ती 1890 मध्ये मिळाली. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, जेव्हा युनियन हा शब्दही कामगारांच्या ओठी नव्हता, तेव्हा त्यांनी सुट्टीच्या बरोबरीनं तारखेचा आग्रह धरला होता. तारीख नसलेला पगार हातात पडेपर्यंत सावकाराच्या व्याजात किती गेला, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

पगाराच्या मुदतीचा कायदा मात्र 1936 साली झाला. त्यात मालकानं काढून टाकलेल्या माणसाचा पगार दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत द्यायचा, असं होतं. आपण होऊन सोडणाऱ्याचं नाव त्या कलमात नव्हतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ते आलं: काढलं, राजीनामा दिला किंवा कारखाना बंद पडला, काहीही झालं तरी दोन कामाच्या दिवसांत वेतन द्यायचं. मी काम सोडलं ते त्यानंतर. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. कारण आमच्याकडे कारागिराजवळ कागद नसतो. कागद सगळा पेढीकडे, आणि पेढीचा कागद म्हणजे मी.

आणखी एक गोष्ट वाचली, ती मला सगळ्यात जास्त लागली. 1953 मध्ये मुंबई राज्यात कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. कामगारांनी न मागितलेले, गिरण्यांकडे तसेच पडून राहिलेले पगार या निधीत जमा करायचे, अशी तरतूद त्यात होती. बॉम्बे डाईंगनं तिला आव्हान दिलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1957 च्या अखेरीस तो भाग रद्द ठरला. पुढे कायद्यात दुरुस्ती करून तरतूद पुन्हा आणावी लागली. म्हणजे न मागितलेला पगार ही एवढी मोठी रक्कम होती की त्यासाठी कायदा करावा लागला आणि त्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात भांडण झालं. गाव सोडून गेलेले, आजारी पडलेले, लाजलेले, कंटाळलेले, आणि माझ्यासारखे संबंध जपणारे, अशा सगळ्यांचे ते पैसे. आपण सोडलेले पैसे कुठेतरी विरून जातात, असं मला आजवर वाटत होतं. ते विरत नाहीत. ते ज्याच्या हातात असतात त्याचे होतात.

आमच्या गावात थकलेल्या पगाराचं मोठं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. लालबागची ताप्ती मिल, शंभर वर्षांहून जुनी, पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आलेली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत महामंडळाच्या देशभरातल्या गिरण्या थांबल्या, त्यात हीही. अचलपूरची फिनले आणि बार्शीची गिरणीही त्यात. ताप्तीच्या कामगारांनी थकलेल्या पगारासाठी आंदोलनं केली. मी येता-जाता ते पाहायचे. ती सरकारी मिल आहे, तिथे युनियन आहे, त्यांचं वेगळं, असं म्हणून पुढे जायचे. आता वाटतं, वेगळं काय होतं? काम झालेलं होतं, पैसे आले नव्हते. दिवाळखोरीच्या 2016 च्या कायद्यातसुद्धा कंपनी बुडाली तर कामगारांची मागच्या 24 महिन्यांची थकबाकी तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बँकांच्या बरोबरीला धरली आहे. कायद्यानं त्याला देणेकरी मंडळींच्या दारात याचक म्हणून उभं केलेलं नाही, सावकाराच्या ओळीत बसवलं आहे. आपणच त्याला दाराशी उभं करतो.

घरात मी पत्राचं बोलून दाखवलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "बोलणं बंद होईल, बघ." खरं होतं ते. तरीही मी पत्र लिहिलं. हिंदीतच लिहिलं, कारण पुढे श्रम कार्यालयात जायची वेळ आली तर तिथे तेच चालणार होतं. पत्रात एकही कडू शब्द घातला नाही, पण गोडही नाही. काम सोडल्याची तारीख, पगार किती, रजेचे किती, ग्रॅच्युइटी किती वर्षांची, दर वर्षामागे 15 दिवसांच्या वेतनाप्रमाणे किती होते, आणि रक्कम कुठल्या खात्यात जमा करायची. "जमलं तर", "सवडीनं", "आपल्या कृपेनं" हे शब्द हात आपोआप लिहायला निघाला होता; ते एकेक करून काढले. पत्र स्पीड पोस्टनं पाठवलं आणि पोचपावती जपून ठेवली.

शेठजींच्या घरून भाभींचा फोन आला. त्यांचा आवाज दुखावलेला होता. घरच्यासारखी वागवली, आणि पत्र पाठवलंस? मी त्यांना सांगितलं, की घरच्यासारखी वागवलंत हे मी विसरलेले नाही, विसरणारही नाही, पण पगार घरच्यासारखा नव्हता, तो कामाचा होता. त्यानंतर त्यांच्या घरच्या लग्नाचं आमंत्रण आलं नाही. त्याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. मत बदललं म्हणून किंमत कमी झाली असं नाही. पूर्वी मी ती किंमत टाळत होते आणि ती दुसरं कुणीतरी भरत होतं.

पगार आणि रजेचे पैसे खात्यात आले. ग्रॅच्युइटीवर अडलं आहे. पेढीचे माग घरातल्या वेगवेगळ्या नावांवर आहेत, आणि ज्या नावाखाली माझी नोंद, तिथे ग्रॅच्युइटीला लागणारी दहा माणसं नव्हतीच, असं उत्तर आलं. ही नावं कागदावर कशी वाटली गेली, ते मला ठाऊक आहे, आणि सगळ्यांची मजुरी एकाच गल्ल्यातून निघायची, हेही. त्यावर मी अर्ज केला आहे आणि त्यात ते लिहिलं आहे. बुऱ्हाणपूर 2003 मध्ये जिल्हा झाला त्याआधी कलेक्टर कचेरीचं काम खंडव्याला असायचं, गाडी आणि दिवसाची मजुरी दोन्ही जायची. आता निदान कचेरी गावात आहे. मंगळवारच्या जनसुनवाईला सकाळचं काम उरकून जाता येतं.

कांड्या भरणाऱ्या बाईला पैसे देऊ केले, पण पेशगी कापून. ती म्हणते, ती पेशगी तिनं फेडली होती. तिच्यापाशी चिठ्ठीचा तुकडासुद्धा नाही. तिची फेड मी लिहिली होती. शेवटच्या हप्त्याची नोंद माझ्या हातची आहे, पान कुठल्या बाजूचं तेही सांगता येईल. तिचा अर्ज मी लिहून दिला, तिनं अंगठा न लावता सही केली. श्रम कार्यालयात बोलावलं की तिच्याबरोबर जाऊन ती नोंद मी सांगणार आहे.