पेडण्याची चढण आणि आमची जिप्सी

मंडळातली मित्रमंडळी गोव्याला आली की त्यांना कळंगुट-बागाला जायचं असतं. मी त्यांना तिकडे आनंदाने सोडतो, पण माझी एक अट असते. एक सकाळ पेडण्याला द्यायची, आणि तीही आमच्या जिप्सीत बसून. परतल्यावर बायका कंबर धरून उतरतात आणि पुरुषमंडळी गाडीभोवती फेऱ्या मारत विचारतात, "काय काय बदललंय हो हिच्यात?" या प्रश्नाचं खरं उत्तर जरा लांब आहे, म्हणून इथे लिहितो.

पेडणे हा गोव्याचा उत्तरेकडचा शेवटचा तालुका. आग्नेयेला त्याला लागून डिचोली. हे दोन्ही तालुके पोर्तुगीजांच्या 'नव्या काबिजादीं'तले. पेडणे तर त्यांच्या ताब्यात १७८८मध्ये सावंतवाडीकरांकडून आलं. म्हणूनच इथल्या घराघरांत आजही मराठी पोथ्या, मराठी भजन आणि दशावतार सापडतो. पेडण्याच्या भगवतीच्या देवळातले ते दोन भलेथोरले हत्ती बघितल्यावर आपण कळंगुटपासून तासाभरावर आहोत हे खरंच वाटत नाही.

माझी सासरवाडी याच तालुक्यात, चांदेलच्या बाजूला. घर सड्याच्या कुशीत. मुख्य रस्त्यापासून वर जायला जेमतेम चारशे मीटरची पाणंद, दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे, वर काजूची झाडं. उन्हाळ्यात कुठलीही गाडी चढते. जून लागला की त्याच पाणंदीचा व्हाळ होतो. माती वाहून जाते, खालचा जांभा उघडा पडतो आणि त्यावर असं शेवाळ धरतं की माणूससुद्धा चपला हातात घेऊन चढतो. ही चढण नसती तर मी जिप्सी घेतलीच नसती.

२०१४मध्ये मी २००४ सालची जुनी जिप्सी घेतली. मारुतीने ही गाडी १९८५च्या डिसेंबरात आणली, तेव्हा तिला ९७० सीसीचं जेमतेम ४५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. पुढे १९९६ला 'किंग'मध्ये १३०० सीसीचं आलं, २०००च्या सुमारास एमपीएफआय होऊन ताकद ८० अश्वशक्तीवर गेली. बाकी गाडी होती तशीच राहिली. शिडीसारखी चासी, पुढे-मागे दोन अखंड अ‍ॅक्सल, आणि बैलगाडीशी नातं सांगणारे पोलादी पाटे. वजन टनभर. या हलकेपणातच तिची खरी करामत आहे. जिथे मोठी जीप रुतते तिथे ही बकरीसारखी निघून जाते. २०१९पर्यंत ती बाजारात होती.

आता माझ्या मूर्खपणाकडे वळतो.

गाडी घेतल्यावर पहिलं वर्ष मी फोटो बघण्यात घालवलं. मग मूळचे २०५/७० आर १५चे टायर काढून २३५/७५चे लावले. पाट्यांच्या टोकाला लांब शॅकल लावून गाडी उंच केली. पुढे लोखंडी बंपर, वर दिव्यांची माळ. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब बसवले. हे हब म्हणजे चाकाच्या मधोमध एक चकती. ती 'फ्री'वर असली की पुढची चाकं आपापली फिरतात, पुढचा अ‍ॅक्सल विश्रांती घेतो. 'लॉक'वर फिरवली की फोर व्हील ड्राइव्हचा दांडा ओढल्यावर पुढच्या चाकांना इंजिनची ताकद मिळते. चकती फिरवायला खाली उतरावं लागतं, इतकंच.

उंचीचं एक गणित मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. शॅकल लांब केले की गाडीचं अंग वर जातं, पण अ‍ॅक्सलमधला तो भोपळ्यासारखा डिफरन्शियल होता तिथेच राहतो. दगडाला आधी तोच लागतो. त्याला वर उचलतात फक्त टायर. माझ्या टायरांचा व्यास साडेसहा सेंटिमीटरने वाढला, म्हणजे अ‍ॅक्सल सव्वातीन सेंटिमीटर वर गेला. बदल्यात स्पीडोमीटर साठ दाखवायचा तेव्हा गाडी सहासष्टने धावत असायची, चढावर इंजिन धापा टाकायचं आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हातात भिरभिरायचं. पण फोटो छान यायचे!

गाडी दाखवायला मी डिचोलीला जायचो. का, ते सांगायला हवं. डिचोली म्हणजे लोहखनिजाचा पट्टा. शिरगाव, मुळगाव, पिळगाव, साखळी, जिथे जाल तिथे लाल धूळ आणि टिपरच्या रांगा. २०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, पुढे काही काळ सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८च्या मार्चपासून पुन्हा थांबल्या. टिपर अंगणात उभे राहून गंजले. पण त्या टिपरांनी घडवलेले कारागीर तिथेच होते. लोखंड जोडणारे, रेडिएटरवाले, आणि पाटेवाले. मी ज्यांच्याकडे जायचो ते मेस्त्री थकलेला पाटा भट्टीत लाल करून, घणाने ठोकून त्याला पुन्हा कमान द्यायचे आणि पाणी पाजायचे. दहा टन माल वाहणाऱ्या गाड्यांचे पाटे बांधलेल्या माणसाला जिप्सीचा पाटा म्हणजे खेळणं. त्यांनी माझी उंच गाडी एकदा खालून बघितली आणि म्हणाले, "उंचाय कित्याक जाय तुका? आदीं ग्रीस घाल मरे!"

मी हसलो. ग्रीस घातलं नाही.

त्या हिवाळ्यात खाणपट्ट्याच्या कडेच्या वाटांवर मी बरीच हुंदडून घेतली. खनिजाचा चिखल साधा नसतो. तो मैद्यासारखा बारीक असतो, वाळला की सिमेंट होतो, आणि सीलच्या फटीतून आत शिरतो. घरी येऊन मी जोराच्या फवाऱ्याने गाडी चकाचक धुवायचो. म्हणजे जो चिखल बाहेर होता तो पाण्यासकट आत ढकलायचो. जानेवारी ते जून हब एकदाही फिरवले नाहीत, कारण गरजच पडली नाही.

जुलैमधल्या एका रात्री साडेदहाला सासूबाईंचा फोन आला. सासऱ्यांना ताप होताच, आता धाप लागली होती. आम्ही म्हापशाहून निघालो. १०८ला बायकोने वाटेतच फोन केला, पण रुग्णवाहिका मुख्य रस्त्यापर्यंतच येणार हे उघड होतं. वरून खाली आणायचं काम जिप्सीचं. त्याचसाठी तर ती घेतली होती.

पाणंदीच्या तोंडाशी उतरलो. पाऊस असा की विजेरीचा झोत दोन हातांवर संपत होता. डावा हब 'लॉक'वर फिरला. उजवा फिरेना. पक्कड लावली, पान्याने ठोकलं, चकतीचा कान तुटून हातात आला. एक हब लागला म्हणजे अर्धं काम झालं असं नसतं. डिफरन्शियल बिचारा मोकळ्या बाजूलाच सगळं फिरवत बसतो, लागलेल्या चाकाला काहीच मिळत नाही. तरी मी मागच्या दोन चाकांवर गाडी घातली. पन्नास मीटर चढली असेल. मग ते रुंद टायर शेवाळावर फिरायला लागले, गाडी तिरकी झाली आणि मागे घसरत गडग्याला टेकली. पाणंद अडली ती अडलीच.

शेजारची चार पोरं आली. सासऱ्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, वरून ताडपत्री धरली आणि त्या शेवाळावरून, अनवाणी, एकेक पाऊल टाकत खाली आणलं. मला एकच शब्द सारखा ऐकू येत होता, "सवकास, सवकास." माझ्या गाडीपाशी आल्यावर त्यांना खुर्ची गडग्यावरून पलीकडे उचलून द्यावी लागली, कारण वाटेत जिप्सी होती. त्या वेळी कुणी काही बोललं नाही. बायकोसुद्धा नाही.

न्यूमोनिया होता. सहा दिवसांनी सासरे घरी आले, तेव्हाही खुर्चीवरूनच वर गेले.

पंधरवड्याने मेस्त्रींनी हब उघडला. आत ग्रीसचा थेंब नव्हता, लाल विटेसारखा गोळा होता. मागच्या अ‍ॅक्सलचं तेल काढलं तर दुधाच्या चहासारखं. ते कसं होतं तेही त्यांनीच सांगितलं. गाडी चालून अ‍ॅक्सल तापतो, मग आपण थंड ओढ्यात घालतो. आतली हवा एकदम आकुंचन पावते आणि जिथे फट मिळेल तिथून पाणी ओढून घेते. उपाय फार स्वस्त आहे. अ‍ॅक्सलच्या श्वासनळीला, म्हणजे ब्रीदरला, रबरी नळी जोडून ती वर बॉनेटखाली नेऊन बांधायची. मग अ‍ॅक्सल पाण्याऐवजी हवा ओढतो. माझ्या दिव्यांच्या माळेच्या किमतीत अशा पन्नास गाड्यांच्या नळ्या झाल्या असत्या.

लांब शॅकल काढले. पाट्यांना मूळची कमान परत मारून घेतली. लोखंडी बंपर काढला. तसाही केंद्र सरकारने २०१७च्या डिसेंबरात असल्या गार्डवर बंदीच सांगितली होती, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. जुन्या गाडीला पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणी करायची असते, तेव्हा आरटीओच्या तपासणीत हे सगळं निघतंच. टायरही मूळ मापाचे आणले, फक्त खोल नक्षीचे. अरुंद टायर शेवाळ आणि पातळ चिखल कापून खालच्या दगडाला धरतो, रुंद टायर वरच तरंगतो. हे मला शेतातल्या कुणीही सांगितलं असतं.

आता मे महिन्याचा शेवटचा रविवार ठरलेला आहे. हब उघडून धुणं, नवं ग्रीस. पुढच्या चाकामागे जो गोल गोळा दिसतो त्यातलं ग्रीस आणि त्याचं पुसणी-सील. किंगपिनचं बेअरिंग सैल असेल तर खड्ड्यानंतर स्टिअरिंग थरथरतं, ते बघणं. मागचे ब्रेक ड्रम उघडून लाल चिखल काढणं. चासीला खालून जुनं इंजिन ऑइल फासायची इथे पद्धत आहे, मी ती सोडली. रबराचे बुश त्याने फुगतात आणि पावसात ते सगळं वाहून शेतात जातं. आता गंजरोधक रंग लावतो. आणि दर रविवारी, ऊन असो वा पाऊस, हब लॉक करून फोर व्हीलमध्ये शंभरेक मीटर मातीवरून फेरी. डांबरावर नाही हं. जिप्सीला मधला डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि गिअरना पीळ पडतो.

मित्रांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "किनाऱ्यावर घालू या का?" नाही. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदा आहे, आणि मोरजी-मांद्रेच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. आपला रस्ता वेगळा. सकाळी हळर्णचा किल्ला आणि त्याखालची शापोरा नदी, मग इब्रामपूर, हणखणे. २०१९च्या ऑगस्टात तिळारीचं पाणी या गावांत घुसलं होतं, त्याच्या गोष्टी लोक अजून सांगतात. मोप्याच्या सड्यावर आता विमानतळ आहे. २०२३च्या जानेवारीपासून तिथून विमानं उडतात. सासरे तिथे गुरं चरताना बघत मोठे झाले, त्यामुळे विमानाचा आवाज आला की ते अजून थोडे दचकतात. पुढे दोडामार्गावरून डिचोली, मयेचा तलाव, आणि वेळ उरला तर शिवाजी महाराजांनी १६६८मध्ये जीर्णोद्धार केलेलं नार्व्याचं सप्तकोटेश्वर. डिचोलीची खाण २०२४मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा वाटेत टिपर भेटतील, खिडक्या लावून घ्या. मेस्त्रींकडे चहा होतोच.

सासरे आता ऐंशीचे आहेत. पावसात खाली यायचं झालं की पुढच्या सीटवर तेच बसतात. पण बसण्याआधी छत्री धरून पुढच्या दोन्ही चाकांपाशी वाकतात आणि चकतीचा काटा कुठे आहे ते स्वतः बघतात. माझ्यावर अजून पूर्ण विश्वास नाही.