ध आणि घ
रात्रीचे साडेअकरा. पूनम सागरमधल्या खिडक्या एकेक करून विझतायत, माझा मोबाइल मात्र चालूच. लेकाने आज पुन्हा ‘घर’चं ‘धर’ केलं, मग कागद फाटेपर्यंत खोडरबर घासला.

नेटवर ‘डिस्लेक्सिया’ टाकलं की इंग्रजी बी-डीचीच उदाहरणं. आमच्या ध-घ, भ-मचं काय? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, हे आजच कळलं. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ अ‍ॅपही सापडलं. पण ते शाळेने भरायचं. शिवाय ती नुसती चाचपणी, निदान नव्हे. उद्या बाईंना दाखवते.

नाहीतर निदानासाठी सायन हॉस्पिटल. मीरा रोडहून दादर, तिथून गाडी बदलायची. त्याला काय सांगू? ‘डोळे तपासायला’ म्हटलं तर लगेच ओळखेल, लबाड.