मोटार वर काढली, म्हातारं माणूस ओट्यावरच



धरणातून पाणी सोडल्याचा मेसेज ग्रुपवर पडला की आपल्या गोदाकाठाला पहिली धावपळ असते ती नदीवरच्या मोटारी काढायची. केबल, स्टार्टर, पाइप, सगळं वर. मग जनावरं उंचावर बांधायची. मग कांद्याच्या चाळीकडं एक चक्कर. घरातली म्हातारी माणसं मात्र शेवटपर्यंत ओट्यावर बसून असतात. कारण त्यांचंच म्हणणं असतं, "पाणी इथवर येत नाही, आम्ही पाहिलंय." आणि बहुतेक वर्षी ते खरंही निघतं.

४ ऑगस्ट २०१९ ला खरं निघालं नाही. वर नाशकात दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला. गोदावरी आणि दारणा, दोन्हींचं पाणी एक होऊन सायखेडा-चांदोरीत घुसलं. खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात गाळ, त्यामुळं फुगवटा मागं येतो हे तुम्हाला मी काय सांगायचं. २०१६ च्या ऑगस्टातही हेच झालं होतं. दोन्ही वेळा माणसं बोटीनं काढावी लागली.

त्या दिवशी आमच्या भावकीतल्या एका आजींना बोटीत घेताना मी जवळ उभा होतो. ऐंशीच्या पुढं वय, दोन्ही गुडघे गेलेले. रबरी बोट ओट्याला लागली आणि गल्लीतली पोरं एकदमच ओरडायला लागली, "आजी, हात द्या! हात द्या!" आजी हात पदराखाली घेऊन बसल्या. म्हणाल्या, "वढून हाड मोडाल माझं. मला राहू द्या इथंच." पाण्याचं भ्या नव्हतंच त्यांना, जन्म नदीकाठी गेला. भ्या होतं ते ओढाओढीचं, आणि चार परक्या बाप्यांनी उचलायचं याचं. हे दुसरं त्या बोलल्या नाहीत, पण कळत होतं.

बोटीवरच्या माणसानं पोरांना गप्प केलं. आधी आजींच्या सुनेला बोटीत बसवलं. दोघं पाण्यात उतरले आणि त्यांनी बोट ओट्याला घट्ट दाबून धरली. मग तो खाली बसला, आजींच्या डोळ्यांसमोर, आणि स्वतःचा हात कोपरात वाकवून पुढं केला. "आजी, मी नाही तुम्हाला धरत. तुम्ही मला धरा." आजींनी धरलं. ओट्याच्या कडेला बसल्या, तिथून सरकून बोटीच्या फुगलेल्या काठावर बसल्या, मग एकेक पाय आत. उभं राहायची वेळच आली नाही. दोन मिनिटं लागली असतील.

मला वाटतं सगळी मेख तिथंच आहे. आपण हात ओढतो तेव्हा म्हातारं माणूस आपल्या तालावर येतं. त्यानं आपल्याला धरलं की ते स्वतःच्या तालावर येतं, आणि तोल त्याचाच त्याला कळतो. काखेत हात घालून उचललं तर खांदा दुखावतो, ते वेगळंच.

खरा धोका एक पाय ओट्यावर आणि एक बोटीत असतो तेव्हा. बोट सरकली की माणूस मधल्या फटीत गेला. म्हणून बोट नुसती दोरीनं बांधून भागत नाही, दाबून धरायला माणसं लागतात. लाकडी होडी असेल, पायरीनं उतरावंच लागणार असेल, तर खाली उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा, वर चढताना चांगला पाय आधी. पाय होडीच्या मध्यभागी पडला पाहिजे, काठावर नाही. जॅकेट ओट्यावरच घालून सगळे बंद लावायचे, पदर आत खोचून. काठी आधी बोटीत द्यायची. चष्म्याला दोरी. सैल चप्पल पिशवीत, गोळ्यांची चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये.

चालताच येत नसेल तर हाताची प्लॅस्टिकची खुर्ची उत्तम. दोघंतिघं मिळून बोटीपर्यंत उचलून न्यायचं. खुर्चीला माणूस बांधायचा मात्र नाही, कधीच नाही. बोट कलंडली तर खुर्चीसकट जाईल.

पलीकडं बोट टेकली की सगळे एकदम उठतात, हेही वाईट. म्हातारं माणूस मध्ये बसलेलंच राहू द्या, बोट पुन्हा दाबून धरली की मग उतरवा.

आणि गर्दी. ८ ऑगस्ट २०१९, म्हणजे आपल्याकडच्या पुरानंतर चारच दिवसांनी, सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली होती. बायका आणि लेकरंही गेली त्यात. पुढच्या फेरीची वाट बघायला छाती लागते, पण दहा माणसांच्या बोटीत अकरावा नको. पाणी चढत असताना हे ऐकवायला कोणीतरी कडक आवाजाचा पाहिजे. आमच्याकडं एक मामी आहेत, त्यांचं सगळे ऐकतात.

यंदा सोयाबीनची पेरणी उरकल्यावर वस्तीवर एक यादी केलीय. कोणाचा कोणता गुडघा, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला साखरेची गोळी, बोटीत सोबत घरचं कोण बसणार. पाणी सुटल्याचा मेसेज आला की मोटारीला हात लावायच्या आधी यादीतली माणसं उंचावरच्या नातेवाइकांकडं पोचवायची, म्हणजे बोटीची वेळच यायला नको. अकरा नावं झालीत. पाचवं नाव आमच्या दादांचं, म्हणजे वडलांचं. "मी काय म्हातारा झालो का?" म्हणून दोन दिवस झाले, धड बोलत नाहीत माझ्याशी.