उरुसातली लेकरे आणि लसीचे कार्ड

परभणीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो. मुस्लिमांबरोबर हिंदू भाविकही मोठ्या संख्येने येतात. यंदा आम्ही सहकुटुंब गेलो. चादरी, मिठाई, पाळणे पाहता पाहता लक्ष गेले ते कडेवरच्या लेकरांकडे. कोणी जिंतूर-पाथरीहून एसटीने आलेले, कोणी मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभरात पोहोचलेले. गंगाखेड, पालमकडची ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मात्र या दिवसांत गावी नसतात. ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात.

गोवंडीहून आलेल्या एका भगिनीला आम्ही विचारले, "बाळाला गोवराची लस दिली का?"

ती म्हणाली, "एक सुई दिये सो याद है सर, दूसरी का याद नै. कारड उधरीच रह गया."

गोवंडी म्हटल्यावर २०२२ साल आठवले. त्या ऑक्टोबरात तिथे गोवराने लहान मुले दगावली. भिवंडी, मालेगावातही साथ आली. तेव्हा पुष्कळांनी समाजाच्या अज्ञानाला दोष दिला. अफवा होत्या, हे खरे. नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळांत गोवर-रुबेला मोहीम आली, तेव्हा काही पालक धास्तावले होते. पण उरुसात आम्हाला दुसरेही कारण दिसले. मूल एका गावी जन्मते, नऊ महिन्यांचे दुसऱ्या गावी होते, दीड वर्षाचे तिसऱ्या. आशाताई येते तेव्हा दाराला कुलूप असते.

गोवर मात्र कोणाची वाट पाहत नाही. लस न घेतलेल्या वस्तीत एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना तो होऊ शकतो. रुग्ण खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीच लागण सुरू होते. म्हणून १०० पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत.

पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत घेता येतो. सरकारी केंद्रात लस मोफत आहे. मुक्कामाच्या गावीही मिळते. त्या भगिनीलाही आम्ही हेच सांगितले : मुंबईला परतेपर्यंत थांबू नका, इथेच जिल्हा रुग्णालयात विचारा. कार्ड नसले तरी जा.

ऊसतोडीच्या कोपीवर, वीटभट्टीवर किंवा मुंबईला निघताना आपण आधारकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून नेतो. लेकराचे लसीचे कार्डही त्याच पिशवीत ठेवावे.